रुंद पट्ट्याची खूण

"आमचा कधीच सुटत नाही हो," असं एखादा मालक म्हणाला की मी आधी उठून फाटकाची कडी बघून यायची. ज्यांचं कुत्रं खरोखर एकदा सुटून पळालेलं असतं, ती माणसं असं बोलत नाहीत. ती पट्टा दाखवतात, हा अमुक आवाजाला बिचकतो म्हणून सांगतात, जाताना पुन्हा मागे वळून बघतात. कधीच सुटत नाही म्हणणाऱ्यांनी पट्ट्याकडे कधी नीट पाहिलेलंच नसतं.

पुण्याजवळ मांजरी गावातल्या आमच्या घरी आम्ही लोकांची कुत्री सांभाळायचो. काही ठरवून सुरू केलेलं काम नव्हतं ते. माझे यजमान पिंपरीकडच्या एका कारखान्यात होते. तिथे नवी यंत्रं आली, माणसं जास्त झाली आणि स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली. ह्यांनी ती घेतली. "बरं झालं, आता घरचं बघू," म्हणाले. घरचं बघायला फारसं काही नाही हे थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं. घर, मागचं मोठं अंगण, चिंचेची दोन झाडं आणि कुंपणापलीकडे भावकीचा ऊस, एवढाच पसारा. त्याच सुमाराला हडपसरच्या बाजूला कॉम्प्युटरच्या कंपन्या यायला लागल्या होत्या. नवरा-बायको दोघंही कंपनीत, त्यातला एक कधीतरी अमेरिकेला, आणि घरातल्या कुत्र्याला बघायला कोणी नाही. एका ओळखीच्या बाईंनी त्यांचं कुत्रं आमच्या अंगणात ठेवलं, त्यांनी मैत्रिणीला सांगितलं, आणि हळूहळू चिंचेखाली पाण्याची भांडी वाढत गेली.

माझं माहेर सदाशिव पेठेतलं, सासर मांजरीचं. त्या लग्नाबद्दल दोन्हीकडे जे बोललं गेलं ते इथे नको. एवढंच सांगते, की संशय घ्यायची सवय मी माहेरून आणली होती आणि ती सोडवण्याचा ह्यांचा प्रयत्न आमच्या लग्नाइतकाच जुना होता.

सुरुवातीला एक पांढरा पॉमेरेनियन आमच्याकडे होता. त्याच्या गळ्यातला पट्टा नवा, मालकीण म्हणे सर्वांत चांगला घेतलाय. मी त्याला दोरीने धरून फाटकाशी उभी होते. लांबून रेल्वेच्या इंजिनाचा भोंगा झाला. तो पुढे पळाला नाही. मागे सरकला, मान खाली घातली, आणि पुढच्या क्षणी पट्टा माझ्या हातात आणि कुत्रा उसात. तेव्हा मला कळलं, की कुत्रं पुढे ओढतं तेव्हा सुटत नाही, मागे सरकतं तेव्हा सुटतं. हे उसाच्या बांधावर भाकरीचा तुकडा घेऊन दुपारभर बसले, एका शब्दानेही हाक न मारता. शेवटी तो आपणहून बाहेर आला. पण ती दुपार माझ्या मनातून गेली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचा पट्टा मी स्वतः तपासायची. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत, तिसरं जाता कामा नये. मग पट्टा कानांच्या दिशेने वर ओढून बघायचा, डोक्यावरून निघतोय का. दोरी पट्ट्याला अडकवायचा आकडा दाबून सोडायचा. त्याची स्प्रिंग सुस्त असली की तो आकडा सरळ अडगळीत. शिवण कडीपाशी सगळ्यात आधी उसवते, म्हणून तिथे नख लावून बघायचं. मालक समोर उभे असत आणि कित्येकांना ते अपमानासारखं वाटे. वाटू दे. त्यांचं कुत्रं शोधायला उसात मला शिरायचं होतं, त्यांना नाही.

तो मुलगा आला एका रविवारी सकाळी, रिक्षाने. बरोबर एक मोठा तांबूस कुत्रा होता, धड गावठी नाही, धड अल्सेशियन नाही, पण भारदस्त. मुलाच्या अंगात चौकडीचा शर्ट आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. रविवारी. सुट्टीच्या दिवशी ओळखपत्र घालून फिरणाऱ्या माणसाला समोरच्याला काहीतरी पटवायचं असतं, असं मला तेव्हाच वाटलं.

"काकू, मी अमेरिकेला चाललो," तो म्हणाला. "ऑनसाइट, कंपनीच्याच कामाला. दोन-तीन महिने. तोवर याला ठेवाल का?"

"तुमचाच ना?"

"माझाच. पिल्लू होता तेव्हापासून."

"राहता कुठे?"

"सदाशिव पेठेत. खोली आहे भाड्याची. गाव माझं यवतमाळकडचं."

मनात पहिली गाठ पडली. सदाशिव पेठ मला ठाऊक आहे. तिथे भाडेकरूने खोलीत जास्तीची खुर्ची आणली तरी घरमालक जिन्यात उभा राहून विचारतो. एवढा कुत्रा त्याला कोणी पाळू दिला?

त्याने कुत्र्याला कुठल्याशा इंग्रजी नावाने हाक मारली. कुत्रा उसाकडे बघत होता, तो उसाकडेच बघत राहिला. मुलाने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. कान हलला नाही.

"नवीन जागा आहे ना," मुलगा म्हणाला.

मी पट्टा बघायला खाली वाकले. आणि मग जे झालं ते मी आजवर दुसऱ्या कुत्र्यात पाहिलं नाही. माझा हात गळ्याशी जायच्या आधीच त्या कुत्र्याने हनुवटी वर केली, डोळे अर्धे मिटले आणि मान पुढे करून स्थिर उभा राहिला. डॉक्टरांपुढे शहाणं मूल 'आ' करतं तसा. याचा अर्थ एकच होता. कोणीतरी रोज, न चुकता, याचा पट्टा तपासत होतं.

"याचा पट्टा घरी कोण तपासतं?" मी विचारलं.

"पट्ट्यात तपासायचं काय असते?" तो म्हणाला.

दुसरी गाठ. गळ्यातला पट्टा लाल नायलॉनचा, अरुंद, प्लास्टिकच्या क्लिपचा आणि कोरा करकरीत होता. तो मी जरा सरकवला. त्याखाली केस झिजून मऊ झालेली एक पट्टी मानेभोवती फिरली होती, त्या नायलॉनच्या दुप्पट रुंद. वर्षानुवर्षं या मानेवर दुसराच पट्टा होता, रुंद आणि जाड, बहुधा चामड्याचा. पिल्लू असल्यापासून याचा असलेल्या कुत्र्याचा पट्टा कालच का बदलला?

मी त्याला ठेवून घेतलं. हो म्हणायचं कारण दया वगैरे नव्हतं. हा कुत्रा माझ्या अंगणात असेपर्यंत तो कुणाचा आहे हे मला शोधता येणार होतं. रिक्षात बसून गेला असता तर कायमचा गेला असता.

"तो कुत्रा त्या मुलाचा नाही," रिक्षा गेल्यावर मी ह्यांना म्हणाले.

"मग कुणाचा हाय?"

"तेच बघायचंय. चोरलाय की काय कोण जाणे."

"अगं, चोरी करणारा कुत्रं सांभाळायला आणून देतो व्हय? तू लई संशयी हायेस. पोरगं बिचारं परदेशी चाललंय."

मी त्या लाल पट्ट्याची क्लिप ओढून बघितली होती. जोर लावला की टच्‌कन उघडत होती. म्हणून तो काढून मी आमच्याकडचा चामड्याचा पट्टा त्याला घातला. मुलाने सांगितलं होतं, पाव-दूध द्या. पाव-दुधाच्या ताटलीकडे कुत्र्याने बघितलं आणि तोंड फिरवलं. दोन वेळा असं झालं. मग मी आमच्या जेवणातला वरणभात कालवून वर थोडं तूप घातलं आणि ताटली ठेवली, तरी तो बसूनच. सहज माझ्या तोंडून निघालं, "जेवा आता." तसा तो उठला आणि जेवला. मी ताटलीजवळ तशीच उभी राहिले. कुत्र्याला 'जेवा' म्हणणारं घर यवतमाळचं नव्हतं आणि भाड्याच्या खोलीतलं तर नव्हतंच. ते घर माझ्या माहेरच्या आसपासचं होतं.

दुपार झाली की तो फाटकाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसे. भुंकत नसे. मागे सरकून मान पट्ट्यातून काढायचा प्रयत्न मात्र करी, आणि पट्टा निघत नाही म्हटल्यावर पुन्हा बसे. मी त्याच्यावर नजर ठेवून असायची.

एका दुपारी मी दळण घेऊन आले तर फाटकाशी दोरी पडलेली आणि दोरीला तो लाल नायलॉनचा पट्टा. कुत्रा नाही.

"हा पट्टा त्याला कोणी घातला?" मी ओरडले.

हे चिंचेखालून उठले. "तुझा पट्टा घासत होता गं त्याला. मान खाजवत हुता सारखा. म्हणून त्याचा सोताचा घातला."

"मला न विचारता?"

"पट्टा घालायला काय विचारायचं?"

मी त्यांच्याकडे बघितलं ते त्यांना चांगलं कळलं असावं, कारण ते चप्पल घालून उसाकडे निघाले. मी उसाकडे गेले नाही. बिचकलेलं कुत्रं उसात शिरतं. हा बिचकलेला नव्हता, ह्याला कुठेतरी जायचं होतं. मी सरळ गावाच्या रस्त्याने रेल्वे फाटकाकडे गेले. फाटक बंद होतं, दोन्ही बाजूंना स्कूटर आणि उसाचे ट्रॅक्टर खोळंबलेले, आणि त्या गर्दीत सगळ्यांच्या पुढे, आडव्या दांड्याशी, तो बसला होता. पुण्याच्या दिशेला तोंड करून. गाडी गेल्यावर फाटक उघडलं असतं तर तो त्या वाहनांतून चालत गेला असता. मी जवळ गेले. त्याने मला पाहिलं, सुस्कारा टाकला आणि मान वर केली. मी माझ्या साडीचा पदर त्याच्या गळ्याखालून घेऊन धरला आणि आम्ही तसेच घरी आलो. लोक बघत होते. बघू देत.

घरी आल्या आल्या मी त्या मुलाने दिलेल्या नंबरावर फोन लावला. तो त्याच्या कंपनीचा निघाला. एका मुलीने गोड आवाजात सांगितलं, "ते जागेवर नाहीत, मॅडम. चहाला गेलेत."

"अमेरिकेत?"

"नाही, खाली टपरीवर. काही निरोप आहे का?"

मी निरोप ठेवला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "काकू, सगळं ठीक ना?"

"इथे ठीक आहे. तुमच्या अमेरिकेत टपरीवरचा चहा चांगला मिळतो वाटतं."

मग तो म्हणाला, "मी येतो उद्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. कंपनीतून थेट. चिंचेखालच्या बाजेवर बसला, पाणी प्यायला आणि बोलायला लागला. घाबरल्यावर त्याचं पुणेरी बोलणं सुटून वऱ्हाडी येत गेलं.

"काकू, खोटं बोललो मी. तो माझा नाही. आमच्या घरमालकीण आजीचा हाय. आजी पडली. दुपारी त्याले फिरवून आणत होती, दोरी पायात गुंतली आन् जिन्यात पडली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तिची मुलगी कोथरूडले राहते, तीच सगळं पाहते. तिनं मले म्हटलं, याले कुठंतरी सोडून ये, आईले मी सांगते का पट्टा तुटला आन् पळाला."

"कुठे सोडून ये म्हणाली?"

"कुठंही म्हणे. लांब. मी रिक्षा केली, कात्रजच्या पुढं गेलो. खाली उतरवला. तो रिक्षाच्या बाजूले तसाच उभा राहिला, पुन्हा आत बसायची वाट पाहत." मुलाने कुत्र्याकडे बघितलं. "नाही जमलं मले. मग कोणी तरी तुमचं सांगितलं. दुसऱ्याचा म्हटलं असतं तर तुम्ही ठेवला नसता."

हे लगेच विरघळले. "बघ, मी म्हणत नव्हतो?" असं माझ्याकडे बघून म्हणाले आणि मुलाला भाकरी खायला बसवलं.

मी विरघळले नाही. गोष्ट चांगली होती, पण चांगली गोष्ट तर पहिल्या दिवशीही त्याने सांगितलीच होती. आजी खरी कशावरून? खरंच त्यांच्या मुलीने सांगितलं, का यानेच भुंकण्याला कंटाळून कुत्रा हलवला? आणि समजा आजी खरी असेल, तर ती त्या पट्टा तुटल्याच्या गोष्टीवर विश्वास ठेवून पलंगावर पडली असेल, हे मला त्या कुत्र्याच्या झिजलेल्या मानेकडे बघून पटत नव्हतं. मी त्याच्याकडून पत्ता काढून घेतला आणि कधी जाणार ते कुणालाच सांगितलं नाही.

सदाशिव पेठेतली ती इमारत मी लहानपणी पाहिलेल्या घरांच्या जागी उभी राहिलेली होती. खाली दातांचा दवाखाना, वर स्पर्धा परीक्षांचे क्लास, आणि मधल्या मजल्यावर आजींचा फ्लॅट. दार दिवसभरासाठी ठेवलेल्या बाईने उघडलं. मी तिला सांगितलं, भाच्यासाठी भाड्याने खोली बघतेय. तिने मला आत नेलं.

आजी खिडकीजवळ पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. केस पांढरेशुभ्र, चष्मा जाड, आणि नजर अशी की मी नकळत पदर सारखा केला.

"खोली रिकामी नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं रिकामी आहे म्हणून?"

"चौकशी करावी म्हटलं."

"बसा. उभ्याने चौकशी करू नये."

मी बसले. समोरच्या भिंतीवर खुंटी होती आणि खुंटीला चामड्याचा पट्टा. रुंद, काळपट पडलेला, तेल लावून लावून मऊ झालेला, पितळी बकलाचा. मी त्याच्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. पण उशीर झाला होता.

"भाचा काय करतो?" आजींनी विचारलं.

"कॉम्प्युटरमध्ये आहे."

"हल्ली सगळेच असतात. आणि खोली बघायला आलेली बाई खोली सोडून खुंटीकडे का बघते?"

मी पुन्हा भाच्याबद्दल काहीतरी सांगायला लागले. त्यांनी मला ते पुरं करू दिलं नाही.

"तुमच्या साडीला खाली, निऱ्यांपाशी, केस चिकटलेत. तांबूस. मी अंथरुणात आहे, आंधळी नाही. कुठे आहे तो?"

मी आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतला. इतका स्वच्छ संशय माझ्यावर कोणी घेतला नव्हता. मी सगळं सांगितलं. रिक्षा, लाल पट्टा, वरणभात, रेल्वेचं फाटक. हनुवटी वर करून उभा राहिला हे सांगितलं तेव्हा त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"तो पट्टा काढा," त्या मग म्हणाल्या.

मी खुंटीवरून पट्टा काढून त्यांच्या हातात दिला.

"मला सांगितलं, पट्टा तुटला आणि कुत्रा पळाला. बघा. कुठे तुटलाय?" त्यांनी तो बोटांनी वाकवला, कडीपाशी नख लावलं, बक्कल दोनदा काढलं-घातलं, मी रोज करते अगदी तसं. "रोज सकाळी दात घासायच्या आधी मी हा बघत असे. माझा पट्टा तुटत नाही. दवाखान्यातून घरी आले आणि पहिलं खुंटीकडे बघितलं. बक्कल नीट उघडून, कुरवाळून ठेवल्यासारखा लावलेला. पळणारा कुत्रा पट्टा काढून खुंटीला लावून जातो का?"

"मग तुम्ही विचारलं नाहीत?"

"कुणाला विचारू? जी मला उठवते-बसवते तिला? मी म्हटलं, बघू या किती दिवस खोटं बोलवतंय."

तेवढ्यात दार वाजलं आणि त्यांची मुलगी आली. हातात डबा, खांद्याला ऑफिसची पिशवी, तोंडाला स्कूटरवर बांधतात तो स्कार्फ अजून तसाच. मला बघून तिने आईकडे बघितलं आणि आईच्या मांडीवरचा पट्टा बघून ती दारातच थांबली.

"या मांजरीहून आल्यात," आजी म्हणाल्या. "आपला पळालेला त्यांच्याकडे पळत गेला. रिक्षाने."

मुलगी स्टुलावर बसली. स्कार्फ सोडायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"आई, तू त्याच्या दोरीत पाय अडकून पडलीस. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडलात तर उठणार नाही. मी सकाळी सहाला कोथरूडहून येते, ऑफिसला जाते, जेवायच्या सुट्टीत इथे, संध्याकाळी परत इथे. त्याला कोण फिरवणार? आणि तू बरी झालीस की पुन्हा फिरवणारच होतीस ना?"

"फिरवणार होते."

"मग मी काय करायचं होतं?"

"मला सांगायचं होतं."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडले असते. भांडणात निदान कुत्रा कुठे आहे हे तरी माहीत असतं." आजींचा आवाज चढला नव्हता. "आणि सांगायचंच होतं तर दार उघडं राहिलं म्हणायचं. माझा पट्टा तुटला म्हणून सांगितलंस. मला ते ऐकत इथे पडून राहावं लागलं."

मुलगी रडली नाही. "मी कात्री घेतली होती," ती हळूच म्हणाली. "तो कापून ठेवला असता तर तुला खरं वाटलं असतं. पण तुझं तेल लावलेलं बघितलं आणि कापवेना."

बाई आतून डोकावून पुन्हा आत गेली. मी उठायला निघाले तर आजी म्हणाल्या, "तुम्ही कुठे चाललात? तुमची चौकशी अजून झाली नाही. फाटक कसलं आहे तुमचं? कडी वरची की खालची? दोरीचा आकडा कुठून घेता?"

मी सगळी उत्तरं दिली. त्यांचं समाधान झालं नाही.

त्या चालायला लागल्यावर, म्हणजे उन्हाळा संपत आल्यावर, मुलीने त्यांना रिक्षाने मांजरीला आणलं. वॉकर घेऊन त्या उतरल्या आणि कुत्र्याकडे न बघता आधी फाटकाकडे वळल्या. कडी खालून वर उचलून बघितली आणि मला म्हणाल्या, "ही नाकाने उचलली जाते. वर खिळा मारा, फिरणारा." ह्यांनी लगेच हातोडी आणली, माझ्या सांगण्याने त्यांनी कधी इतक्या लगबगीने खिळा मारला नव्हता. कुत्रा तोवर दोरी ताणून उभा होता, सगळं अंग थरथरत, पण उडी नाही. आजी बाजेवर बसल्या तेव्हाच तो पुढे आला आणि मान वर करून उभा राहिला. त्यांनी आमचा पट्टा काढला, पिशवीतून स्वतःचा काढून त्याच्या गळ्यात घातला, दोन बोटं आत घातली आणि मग तशीच बोटं तिथे ठेवून बसून राहिल्या.

तो आता इथेच राहील, हे त्यांनीच ठरवलं. मुलीने विचारायच्या आधी. "मी पुन्हा पडेन हे हिचं खरं आहे," त्या म्हणाल्या, जणू मुलगी तिथे नव्हतीच. "पण महिन्यातून एकदा मला आणायचं. पट्टा बघायला. या बाई बघतात, पण त्यांच्यावर सोडून चालणार नाही."

त्यांनी तसं म्हणावं याचा मला राग आला नाही. मीही तेच म्हटलं असतं.

यवतमाळचा मुलगा मध्येमध्ये येत राहिला, आणि पुढे त्याला खरोखरच अमेरिकेला पाठवलं. तिथून त्याने केलेल्या फोनवरसुद्धा मी त्याला खिडकीबाहेर काय दिसतंय ते विचारलं. त्याने बर्फ म्हणून सांगितलं. मी मानलं.

आजींच्या त्या फेऱ्या बरीच वर्षं चालल्या. त्यांतली एक दुपार मला सगळ्यात जास्त आठवते. पावसाळा नुकताच संपला होता. आजी कुत्र्याची मान तपासत होत्या, मी चहा टाकायला आत गेले होते, आणि मुलगी चिंचेखाली चटईवर बुंध्याला टेकून बसली होती. मी कप घेऊन बाहेर आले तर आजींनी ओठांवर बोट ठेवलं. मुलगी झोपली होती. तोंड थोडं उघडं, स्कार्फ मांडीवर, एक चप्पल अजून पायातच.

"खरंच झोपलीय की माझं बोलणं चुकवायला?" आजींनी मला कुजबुजत विचारलं.

मी वाकून बघितलं आणि मान डोलावली. खरंच झोपली होती.

आजींना तरी पटलं नाही. त्या बाजेवरून थोड्या पुढे सरकल्या आणि चष्मा सारखा करून मुलीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मुलीच्या कपाळावर केस आले होते, कानांमागे पांढरे दिसत होते. ते बहुधा त्यांना पहिल्यांदाच दिसले असावेत, कारण त्यांची नजर तिथेच अडकून राहिली.

"ही कधीपासून इतकी थकलीय?" त्यांनी मला हळू आवाजात विचारलं.

मला काय माहीत? मी कप खाली ठेवले. रिक्षावाला फाटकाशी येऊन भोंगा वाजवणार इतक्यात आजींनी ह्यांना हात करून त्याला थांबवायला पाठवलं. चहा गार झाला, रिक्षावाला बांधावर जाऊन बसला, उन्हं चिंचेवरून खाली आली, आणि मुलगी आपणहून जागी होईपर्यंत आम्ही कोणी तिला उठवलं नाही.